‘तसाच’ म्हणजे कसा? : स्टॉक मोटारींच्या शर्यतीतील कार्बोरेटरचा नियम



आज मी तुम्हांला एका शर्यतीविषयी सांगणार आहे. शर्यत आहे अमेरिकेतली, मोटारगाड्यांची. पण सुरुवात मात्र आपल्याकडच्या एका फटफटीपासून करतो. कारण दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे, आणि आपल्याकडचे उदाहरण आधी ऐकले म्हणजे तिकडचा नियम समजायला सोपा जाईल.

मी मोटार-दुरुस्तीचे काम शिकवणारा माणूस. आमच्या शेजारच्या गावचे एक शेतकरी आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. एके दिवशी तात्या आपली जुनी फटफटी ढकलत आमच्या कार्यशाळेच्या दारात आले. कपाळाचा घाम पुसून म्हणाले, “मास्तर, कार्बोरेटर खराब झाला म्हणून नवा घातला. दुकानदार म्हणाला, अगदी तसाच आहे. बघा की, दिसायलाबी तसाच आहे. पण गाडी सुटताना दम टाकतीया, अन् पेट्रोल तर नुसती पितीया.”

मी विचारले, “तात्या, जुना कार्बोरेटर टाकून नाही ना दिलात?” तात्यांनी पिशवीतून जुना काढून दिला. शेतकरी माणूस लोखंडाचा तुकडादेखील सहसा फेकत नाही, त्याचा असा उपयोग होतो! दोन्ही कार्बोरेटर शेजारी ठेवले. रंग तोच, आकार तोच, बोल्टाची भोके त्याच जागी. मग मी मोजपट्टी काढली आणि हवा आत जाण्याच्या वाटेचा व्यास मोजला. जुन्याचा भरला वीस मिलिमीटर, नव्याचा बावीस. फरक किती? तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा.

तात्या म्हणाले, “एवढ्यानं काय होतंय?”

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इकडे लक्ष द्यावे. वाटेतून किती हवा जाईल हे व्यासावर ठरत नाही, क्षेत्रफळावर ठरते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. विसाचा वर्ग चारशे, बाविसाचा चारशे चौऱ्याऐंशी. म्हणजे व्यास दहा टक्क्यांनी वाढला, पण वाट एकवीस टक्क्यांनी रुंद झाली. पाच वाटांच्या जागी सहा वाटा झाल्यासारखेच हे. दुकानदाराचा ‘तसाच’ आणि एंजिनाचा ‘तसाच’ यांत एवढे अंतर होते.

हा ‘तसाच’ म्हणजे नेमका कसा, या एका शब्दावर अमेरिकेत एका खेळाचा सारा न्याय उभा आहे. तो खेळ म्हणजे ड्रॅग रेसिंग, आणि त्यातला जो वर्ग मला आज सांगायचा आहे त्याचे नाव ‘स्टॉक’.

ड्रॅग रेस म्हणजे काय? एक सरळ, सपाट, पक्का रस्ता. त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. इशारा झाला की सुटायचे आणि पाव मैल अंतर कापायचे. पाव मैल म्हणजे दोन फर्लांग, १३२० फूट. आताच्या मापाने सुमारे ४०२ मीटर. वळण नाही, फेरी नाही, मध्ये थांबणे नाही. दहा-बारा सेकंदांत निकाल लागतो. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, त्यामुळे ‘बरोबरी झाली’ असे म्हणण्याची वेळ जवळजवळ येतच नाही.

ह्या खेळाचा जन्म कॅलिफोर्नियातला. तिथे वाळवंटात कोरडी पडलेली जुनी सरोवरे आहेत. तळ अगदी पाटासारखा सपाट. १९३० नंतरच्या दशकात तरुण मंडळी जुन्या गाड्या खटपट करून वेगवान बनवीत आणि तिथे पळवीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर हा नाद वाढला आणि गाड्या गावच्या रस्त्यांवर धावू लागल्या. रहदारीच्या रस्त्यावर शर्यत म्हणजे अपघात आलाच. लोक चिडले, पोलीस मागे लागले. तेव्हा वॅली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था काढली. हे गृहस्थ ‘हॉट रॉड’ नावाच्या मासिकाचे संपादक होते. पोरांना नुसते दटावून भागणार नाही, त्यांना जागा दिली पाहिजे, नियम दिले पाहिजेत, गाडी तपासून मगच मैदानात सोडली पाहिजे, असा त्यांचा विचार. १९५३ साली पोमोना गावी ह्या संस्थेच्या मान्यतेची पहिली शर्यत झाली, आणि १९५५ साली कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९६१ पासून ही राष्ट्रीय स्पर्धा इंडियानापोलिस येथे भरू लागली.

आता ‘स्टॉक’ वर्गाकडे येऊ. स्टॉक म्हणजे कारखान्यातून निघाली तशी गाडी. तुम्ही-आम्ही दुकानातून विकत घेऊ तशी. खास शर्यतीसाठी घडवलेली, निम्मी पोकळ, निम्मी राक्षसी अशी गाडी इथे चालत नाही. ह्या वर्गामागची कल्पना मला फार चांगली वाटते. बेताच्या मिळकतीच्या माणसानेही आपली रोजची गाडी घेऊन यावे, आपल्या हाताने ती नीट जुळवावी आणि मैदानात उतरावे. पैशापुढे कौशल्य हरू नये, ही ती कल्पना.

परंतु सगळ्या गाड्या सारख्या नसतात. कोणी हलकी, कोणी जड; कोणाचे एंजिन मोठे, कोणाचे लहान. आपल्याकडे कुस्तीत वजनी गट करतात ना, तसे इथेही गट करतात. मात्र नुसत्या वजनाने नव्हे. गाडीचे वजन घ्यायचे आणि तिला एंजिनाच्या अश्वशक्तीने भागायचे. समजा, गाडीचे वजन ३५०० पौंड आणि ताकद ३५० अश्वशक्ती. म्हणजे एका अश्वाला दहा पौंड ओझे. दुसरी गाडी ३००० पौंडांची, पण ताकद २०० अश्वशक्ती. म्हणजे एका अश्वाला पंधरा पौंड ओझे. पहिली गाडी अर्थातच अधिक चपळ. म्हणून दोघी वेगवेगळ्या गटांत.

हिशेब सरळ दिसतो. पण त्यात एक फट आहे. अश्वशक्तीचा आकडा सांगायचा कोणी? सुरुवातीला तो गाडीच्या कारखान्याने जाहीर केलेला असे. आणि कारखानदारांच्या लवकरच लक्षात आले की, आकडा कमी सांगितला तर आपली गाडी सोप्या गटात पडते, जिंकते, आणि रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात खपते. १९६८ साली फोर्ड कंपनीने ४२८ घन इंचांचे ‘कोब्रा जेट’ एंजिन काढले आणि त्याची ताकद सांगितली ३३५ अश्वशक्ती. त्याच वर्षी पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेत, स्टॉकच्या वरच्या ‘सुपर स्टॉक’ वर्गात, अल जोनिएक हे ह्या एंजिनाची मस्टँग गाडी चालवून विजेते ठरले. खरी ताकद सांगितल्यापेक्षा पुष्कळ जास्त होती, हे जाणकारांनी तेव्हाच ओळखले. म्हणून संस्था कारखान्याच्या आकड्यावर विसंबून राहत नाही. ती आपला स्वतंत्र आकडा ठरवते, आणि एखादी गाडी अपेक्षेपेक्षा फारच वेगाने धावू लागली तर तो आकडा वाढवते.

म्हणजे एक लक्षात घ्या. गाडीचा गट ठरतो तो तिच्या एंजिनाच्या ताकदीवर. ती ताकद ज्या सामानाने येते ते सामान बदलले, तर गट खोटा ठरतो. पासष्ट किलोच्या गटात नाव घालून पंच्याहत्तर किलोचा मल्ल आखाड्यात उतरवावा, तसेच ते. आणि गाडीच्या ताकदीशी ज्याचा अगदी जवळचा संबंध, असा एक भाग म्हणजे कार्बोरेटर.

कार्बोरेटर करतो काय? पेट्रोल आणि हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी पेट्रोल फवारणारा कार्बोरेटर बनवला. तत्त्व मात्र त्याहून जुने. हवा रुंद वाटेतून अरुंद वाटेत शिरली की तिचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. नदीचे पात्र अरुंद झाले की पाणी कसे धावू लागते, तसेच. ही अरुंद जागा म्हणजे कार्बोरेटरचा घसा. इटलीच्या व्हेंचुरी नावाच्या शास्त्रज्ञावरून तिला व्हेंचुरी म्हणतात. घशात दाब कमी, आणि शेजारच्या पेट्रोलच्या वाटीत बाहेरच्या हवेचा पुरता दाब. त्यामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून वर ढकलले जाते आणि घशात फवारले जाते. त्या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. कागदाच्या दोन पट्ट्या दोन बोटांच्या अंतरावर समोरासमोर लोंबत्या धरा आणि त्यांच्यामधून जोराने फुंकर मारा. मुलांना वाटेल, पट्ट्या दूर जातील. त्या जवळ येतात! मध्ये वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी झाला, बाहेरच्या हवेने त्यांना आत ढकलले. कार्बोरेटर ह्याच युक्तीवर चालतो.

आता हवेचे महत्त्व किती ते पाहा. एक भाग पेट्रोल नीट जाळायला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. मापाने बोलायचे तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. उन्हाळ्यात गावाला पाणी आणणारा टँकर डोळ्यांपुढे आणा. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ तेवढी हवा एंजिन ओढते. पेट्रोल जास्त सोडणे अवघड नाही; जेट मोठे केले की झाले. अवघड आहे ते हवा आत घेणे. ३५० घन इंचांचे, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटरचे एंजिन घ्या. ते मिनिटाला सहा हजार फेरे फिरत असेल तर दर दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेते. मिनिटाला तीन हजार वेळा पावणेसहा लिटर, म्हणजे सतरा हजार लिटरांवर हवा. जवळजवळ दोन टँकर, एका मिनिटात! आणि ही सारी हवा कार्बोरेटरच्या त्या घशांतूनच जायची. घसा लहान तर एंजिनाचा श्वास कोंडणार. घसा मोठा तर वरच्या वेगात ताकद वाढणार. मोठा घसा नेहमीच चांगला असतो असेही नाही. कमी वेगात रुंद घशातून हवा सावकाश जाते, दाब पुरेसा उतरत नाही, पेट्रोल नीट ओढले जात नाही. आमच्या तात्यांची गाडी सुटताना दम टाकत होती ती याच कारणाने.

अमेरिकन कारखान्यांनी यावर एक चांगली तोड काढली होती. १९६५ साली ‘रोचेस्टर क्वाड्राजेट’ नावाचा चार घशांचा कार्बोरेटर आला. त्यात पुढच्या दोन नळ्या, झडपेपाशी मोजल्या तर, एक इंच तीन सूत रुंदीच्या, आणि मागच्या दोन सव्वादोन इंचांच्या. साध्या चालीत पुढच्या लहान नळ्या पुरतात. पाय पुरता दाबला की मागच्या मोठ्या उघडतात. वर्ग करून पाहिलेत तर मागची एक नळी पुढच्या नळीच्या अडीचपटीहून मोठी आहे. होली, कार्टर, रोचेस्टर, अशा कंपन्यांचे वेगवेगळ्या मापांचे कार्बोरेटर त्या काळी निरनिराळ्या गाड्यांवर बसून येत. एकाच गाडीच्या एका वर्षीच्या एंजिनावर एक कार्बोरेटर, तर दुसऱ्या वर्षी दुसरा. प्रत्येकावर त्याचा क्रमांक ठोकलेला असे.

आता नियम काय, ते सांगतो. तुम्ही ज्या वर्षाची, ज्या बनावटीची, ज्या एंजिनाची गाडी म्हणून नाव नोंदवाल, त्या एंजिनावर कारखान्यातून जो कार्बोरेटर येत असे, तोच तुमच्या गाडीवर हवा. संस्थेपाशी याद्या आहेत. त्यांत गाडीचे वर्ष, एंजिन, मोजायची अश्वशक्ती, आणि कोणता कार्बोरेटर, हे नोंदवलेले असते. दुसऱ्या वर्षीचा चांगला कार्बोरेटर आणून बसवला, तर तो त्याच कंपनीचा असला तरी चालणार नाही.

पण मग पंचाईत सुरू होते. अमेरिकेत नव्या मोटारींवर कार्बोरेटर बसवणे १९९० च्या सुमारास संपल्यात जमा झाले. त्यांच्या जागी पेट्रोलचे माप विजेच्या यंत्रणेने ठरवून फवारणारी पद्धत आली. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या फटफट्यांवरून कार्बोरेटर गेला. स्टॉक वर्गात नवी फवारणीची एंजिने असलेल्या गाड्याही धावतात. पण १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या गाड्यांना आजही कार्बोरेटरच लागतो. साठ वर्षांपूर्वीचा ओतीव भाग तो. त्याला चिरा जातात, झडपेच्या दांड्याची भोके झिजून ढिली होतात, हवा भलतीकडून शिरते. मूळचा नवा मिळत नाही. मोडीच्या बाजारात चांगल्या स्थितीतला सापडलाच तर विकणारा तोंडाला येईल ती किंमत सांगतो.

आता इथे दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्षांत तथ्य आहे.

एक पक्ष म्हणतो, मूळचाच कार्बोरेटर हवा, एक अंशही ढळायचे नाही. एकदा ‘त्याच्यासारखा’ म्हणून दुसरा घालू दिला की, प्रत्येक जण आपल्याला फायद्याचा तो ‘सारखा’ म्हणून आणील. आज एकाने आणला की उद्या दुसऱ्याला आणावाच लागेल. मग स्टॉक वर्ग नावापुरता उरेल.

दुसरा पक्ष म्हणतो, मूळचाच हवा हे म्हणणे ऐकायला शुद्ध, पण त्याचा परिणाम काय? ज्याच्यापाशी पैसा आहे तो दहा जुने कार्बोरेटर विकत घेईल, त्यांतला सर्वांत चांगला निवडून बसवील. ज्याच्यापाशी एकच आहे आणि त्याला चीर गेली, त्याने घरी बसावे. ज्या गरजू माणसासाठी हा वर्ग काढला, तोच नियमाच्या शुद्धपणाने बाहेर पडेल.

श्रोतेहो, जुन्या वस्तूचा प्रश्न कुठेही निघाला की हे दोन पक्ष निघतातच. संस्थेने काढलेली वाट मधली आहे. मूळचा कार्बोरेटर हवा. किंवा संस्थेने तपासून, मान्य करून यादीत घातलेला पर्यायी कार्बोरेटर हवा. इथे महत्त्वाचे काय, तर ‘सारखा आहे’ हे गाडीवाल्याने ठरवायचे नाही, दुकानदाराने ठरवायचे नाही, आणि शर्यतीच्या दिवशी दारावरच्या माणसाने तोंड पाहूनही ठरवायचे नाही. ते आधी ठरले पाहिजे, कागदावर आले पाहिजे आणि सर्वांना एकाच वेळी कळले पाहिजे.

पण नुसते नाव यादीत असून भागत नाही. कार्बोरेटर आतून कोरून मोठा केला तर? बाहेरचा क्रमांक तोच, रंग तोच, आणि घसा मात्र रुंद. म्हणून मापेही बांधलेली आहेत. घशाचा व्यास आणि खालच्या झडपेपाशी नळीचा व्यास नोंदीप्रमाणेच हवा. आतून घासून, चकचकीत करून वाट मोकळी करणे चालत नाही. असे माप पाहायची साधी रीत म्हणजे ठरलेल्या व्यासाचा पोलादी गोल खुंटा आत घालून पाहणे. मापापेक्षा किंचित मोठा खुंटा आत गेला, तर घसा कोरलेला आहे हे सिद्ध झाले. त्यात वादाला जागा नाही. जिंकलेल्या गाडीचे एंजिन उघडून तपासण्याची रीतही ह्या खेळात आहे. माप चुकले तर जिंकलेले पद जाते. मग तो माणूस कितीही नावाजलेला असो.

तुम्ही विचाराल, मग काहीच बदलू द्यायचे नाही का? तसेही नाही. जेट बदलायला मोकळीक आहे. हे का, ते समजून घेण्याजोगे आहे. कोकणातून पोलादपूरकडून घाट चढून महाबळेश्वरला जुनी कार्बोरेटरची फटफटी घेऊन गेलात, तर ती वर थोडी जड चालते, धूर काळसर येतो. वरची हवा विरळ, पेट्रोल मात्र खालच्या हिशेबाचे. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ ‘बँडिमेर स्पीडवे’ नावाचे मैदान होते. समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५८०० फूट उंच, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. १९५८ पासून २०२३ पर्यंत तिथे शर्यती झाल्या. पोमोनाहून तिथे गेलेल्या गाडीला जेट बदलावेच लागे. नाही तर गाडी नीट चालणार कशी? जेट बदलणे म्हणजे हवामान ओळखून पेट्रोलचे माप जुळवणे. ते कौशल्य आहे. घसा कोरणे म्हणजे आपल्या वाट्याला न आलेली हवा घेणे. ती चोरी आहे. नियमाने ह्या दोहोंच्या मधोमध रेघ ओढली आहे. माणसाचे डोके, कान आणि हात यांना वाव ठेवला आहे, आणि सामानाच्या मापाला खुंटी मारली आहे.

एक शंका अजून राहते. मापे जुळली म्हणजे दोन कार्बोरेटर खरोखर सारखे झाले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, पुरते नाही. नव्या ओतकामाची आतली बाजू अधिक गुळगुळीत असू शकते. घशाच्या मध्यभागी पेट्रोल फवारणारी छोटी नळी असते, तिचा आकार निराळा असू शकतो. व्यास तोच, पण हवा थोडी अधिक. हे खुंट्याने कळत नाही. इथे दुसरे कुलूप कामाला येते, ते मी मघाशी सांगितलेले अश्वशक्तीच्या आकड्याचे. पर्यायी सामानाने एखाद्या एंजिनाची कामगिरी वाढली आणि त्या गाड्या सातत्याने अपेक्षेपुढे धावू लागल्या, तर त्या एंजिनाचा आकडा वाढवता येतो. म्हणजे पहिले कुलूप सामानाला, दुसरे निकालाला. एका कुलपातून जे निसटते ते दुसऱ्यात अडकावे, अशी ही योजना.

आणखी एक बारकावा सांगतो. स्टॉक वर्गाच्या मुख्य फेऱ्यांत वेगवेगळ्या गटांच्या गाड्या समोरासमोर येतात. तेव्हा प्रत्येक जण ‘माझी गाडी इतक्या सेकंदांत धावेल’ असा आकडा आधी जाहीर करतो. हळू गाडीला तितकी आधी सोडतात. इशाऱ्याचा दिव्यांचा खांब १९६३ पासून आला, त्यामुळे दोन बाजूंना वेगवेगळ्या क्षणी दिवा लावणे सोपे झाले. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा गाडी लवकर पोहोचली तरी हरली. म्हणजे खोटा आकडा सांगण्यात फायदा नाही. पण एकाच गटातल्या दोन गाड्या भिडल्या की दोघी एकदम सुटतात आणि ही अट उठते. तिथे खरोखर जी जोरदार तीच जिंकते. असा सामना असला म्हणजे कार्बोरेटरच्या घशातला केसभर फरकही निकाल फिरवू शकतो. म्हणून ह्या नियमाला एवढे जपतात.

आता मंडळी, तुम्ही म्हणाल, हे सगळे ऐकून आम्हांला काय करायचे? आमच्याकडे ना ती गाडी, ना ते मैदान. पण जरा विचार करा. सुटे भाग आपण सगळेच बदलतो. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा पंप असो, फवारणीचे यंत्र असो, नाही तर फटफटी असो. मूळचा भाग मिळाला नाही की, ‘तसाच आहे’ म्हणून दुसरा बसवतो. तेव्हा तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हा भाग काय काम करतो? त्या कामाला कोणते माप महत्त्वाचे? आणि ते माप जुन्याशी जुळते का? रंग आणि आकार हे त्या प्रश्नांचे उत्तर नव्हे. जुना भाग नवा बसवून खात्री होईपर्यंत टाकू नका. तात्यांनी टाकला नाही म्हणून तर आम्हांला माप घेता आले.

शिक्षकांना माझे सांगणे थोडे निराळे आहे. शाळेत खेळांच्या स्पर्धा होतात, भांडणेही होतात. बहुतेक भांडणांचे मूळ असे की, नियम आधी सांगितलेला नसतो किंवा तो मोजता येत नाही. मोठ्यांनी ऐन वेळी दिलेला निर्णय बरोबर असला तरी हरलेल्या मुलाला तो पटत नाही. तोच नियम आधी फळ्यावर लिहिलेला असेल आणि माप सर्वांसमोर घेतले असेल, तर हरलेला मुलगाही गप्प बसतो. पुष्कळदा हसूनही घेतो.

आणि तरुण मुलांना हात जोडून एकच सांगतो. ही शर्यत रस्त्यावरून उठवून बंद मैदानात नेली, म्हणूनच तिला खेळ म्हणायचे. आपल्या डांबरी रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांच्या, शाळेच्या पोरांच्या, जनावरांच्या मधून गाडी पळवणे हा खेळ नव्हे.

तात्यांचे काय झाले, ते सांगून संपवतो. आम्ही त्यांचा जुनाच कार्बोरेटर उघडला, धुतला, झिजलेली सुई आणि जेट तेवढे नवे घातले आणि परत बसवला. गाडी पहिल्यासारखी चालू लागली. तात्या ती बावीस मिलिमीटरची वस्तू घेऊन दुकानात गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले. मी विचारले, “काय तात्या, दुकानदार काय म्हणाला?”

तात्या हसले. म्हणाले, “म्हणाला, तसाच तर आहे! मग मी खिशातनं तुमची मोजपट्टी काढली.”

मोजपट्टी त्यांनी मला परत दिली, आणि पैसेही परत मिळाल्याचे सांगितले.